आठ कोर्स, सात रात्री आणि गोल्फ न खेळणारा नवरा

प्रश्न : लग्नाला २५ वर्षं होताहेत म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि २३ वर्षांचा मुलगा, सात रात्रींसाठी मॉरिशसला जाणार आहोत. विमानाची तिकिटं काढली, हॉटेल अजून ठरलेलं नाही. मी बरीच वर्षं गोल्फ खेळते, हँडिकॅप २२ (म्हणजे १८ होलांना ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण २२ जास्त लागतात). मुलाने गेल्या वर्षी क्लब हातात घेतला. चेंडू लांब मारतो, पण कुठे जाईल ते त्यालाही सांगता येत नाही. त्याच्याकडे अधिकृत हँडिकॅप नाही. नवऱ्याला गोल्फचा कंटाळा. त्याचा जीव पक्ष्यांत आणि रानवाटांत. मी आठ कोर्सची यादी केली आहे : इल ओ सर्फ, अनाहिता, बेल मारचे लेजंड आणि लिंक्स, बेल ऑम्ब्रचा ला रेझर्व्ह, तामारिना, ल मॉर्नचा पॅराडी आणि उत्तरेचा मों श्वाझी. यातले निदान पाच खेळायचेच असं मनात होतं. यादी बघून नवरा म्हणाला, "म्हणजे मी आठवडाभर खोलीत बसून टीव्ही बघू का?" त्याचं चुकत नाही, पण पुन्हा जाणं कधी होणार? कुठले ठेवू, कुठले सोडू? आणि जिथे व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धा होतात तिथे माझ्यासारखीने खेळायला जाणं आगाऊपणाचं दिसेल का?

– पाचांची हौस असलेली

उत्तर : पाच नाही, तीन. आणि ती तीन नावं ठरवण्याआधी झोपायचं कुठल्या किनाऱ्यावर ते ठरवा. हॉटेल अजून घेतलेलं नाही, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. बहुतेक जण आधी स्वस्तात मिळालेलं हॉटेल घेऊन मोकळे होतात आणि मग नकाशा उघडतात. मॉरिशसमध्ये हॉटेल घेतलं की निम्मं गोल्फ तिथेच ठरून गेलेलं असतं.

तिथले बरेचसे कोर्स कुठल्या ना कुठल्या हॉटेलाशी जोडलेले आहेत. बेल मारचे दोन्ही कोर्स एकाच रिसॉर्टचे, पॅराडी त्याच नावाच्या हॉटेलचा, बेल ऑम्ब्रचे कोर्स तिथल्या हॉटेलसमूहाचे. आपल्या पाहुण्यांना ही हॉटेलं ग्रीन फी (कोर्सवर खेळायचं शुल्क) माफ तरी करतात, नाहीतर बरीच सवलत देतात, आणि सकाळच्या चांगल्या वेळाही आधी त्यांनाच मिळतात. बाहेरून येणाऱ्याला पूर्ण दर आणि उरलेली वेळ. मात्र 'ग्रीन फी मोफत' असं लिहिलेलं दिसलं की खालची बारीक अक्षरं वाचा. बग्गीचं भाडं बहुधा वेगळं असतं, ती सोय ठरावीक प्रकारच्या खोलीलाच असू शकते, किंवा मुक्कामात अमुक इतक्याच फेऱ्या असं बंधन असतं. हे सगळं ईमेलवर लेखी मागून घ्या.

आता वारा, कारण तुम्ही ऑगस्टमध्ये जाताय. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला २० अंशांवर आहे, म्हणजे तेव्हा तिथे हिवाळा. हवा सुरेख असते. किनाऱ्यावर दुपारी २४-२५ अंश, घाम नाही, चक्रीवादळांचा मोसम संपलेला. पण आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जोरात आणि सलग वाहतात, आणि बेटाचा पूर्व किनारा नेमका त्यांच्या तोंडावर आहे. तुमच्या यादीतले अर्धे कोर्स त्याच बाजूला आहेत : इल ओ सर्फ, अनाहिता, लेजंड आणि लिंक्स. त्यातल्या त्यात लेजंड झाडांच्या रांगांतून जातो, जुन्या हरणांच्या शिकारीच्या रानातून कोरून काढलेला आहे, म्हणून थोडा आडोसा मिळतो. पण ज्या मुलाचा चेंडू कुठे जाईल ते माहीत नाही, त्याला दोन्ही बाजूंना झाडं म्हणजे शिक्षाच. पश्चिमेकडे मधलं पठार आणि डोंगर वारा अडवतात. ती बाजू कोरडी, उन्हाची आणि ऑगस्टमध्ये बरीच शांत असते. अपवाद ल मॉर्नचं टोक. जगभरातले काइटसर्फर तिथे का जमतात याचा विचार केला की पॅराडीला दुपारी काय होत असेल ते कळेल.

वाऱ्याची एक गोष्ट हँडिकॅप २२ असणाऱ्याने लक्षात ठेवलीच पाहिजे. समोरचा वारा जेवढं अंतर खातो, तेवढं पाठीमागचा वारा परत देत नाही. म्हणजे जाता-येता हिशेब बरोबरीत सुटेल या भ्रमात राहू नका, स्कोअर वाढणारच. उपाय सोपा आहे, पण हाताला पटत नाही : एक-दोन पायऱ्या लांब मारणारा क्लब घ्या (सातऐवजी सहा किंवा पाच नंबरचा) आणि हलक्या हाताने फिरवा. जोर लावला की चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते, तो वर चढतो आणि वाऱ्याच्या तावडीत सापडतो.

तिसरी बाब अंतराची. बेट साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद. आकडे वाचून वाटतं, कुठूनही कुठेही अर्ध्या तासात पोचू. तसं होत नाही. विमानतळापासून पोर्ट लुईवरून उत्तरेकडे जाणारा मोठा रस्ता सोडला, तर बाकीचे रस्ते गावांमधून आणि उसाच्या शेतांमधून जातात, आणि ऑगस्टमध्ये ऊसतोड चालू असते, म्हणजे पुढे उसाने भरलेली गाडी आली की तिच्या मागे निवांत चाला. बेल मारहून ल मॉर्नला जायला दीड ते दोन तास धरा. गाडी डाव्या बाजूने चालवतात, तेवढी सोय. सूर्यास्त सहाच्या सुमारास. म्हणजे दुपारी दोनला सुरू केलेला १८ होलांचा राउंड अंधारात संपतो, नाहीतर संपतच नाही. तुमच्या पाच कोर्सच्या बेतात पाच सकाळी गोल्फवर आणि त्यातल्या निदान तीन गाडीत गेल्या असत्या. नवऱ्याने टीव्हीची भाषा काढली ती यादीच्या लांबीमुळे नसावी. रोजची सकाळ जाणार, आणि पक्षी बघणाऱ्याला सकाळ गेली म्हणजे दिवस गेला, हे त्याने तुमच्याआधी ओळखलं.

आणि गंमत अशी, की त्याला हवं आहे ते आणि तुमच्या ऑगस्टच्या गोल्फला हवं आहे ते, दोन्ही बेटाच्या एकाच कोपऱ्यात आहे. नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान आहे. मॉरिशसचं म्हणून जे मूळ जंगल उरलं आहे, त्याचा मोठा भाग तिथे. पेत्रँकडून आत शिरणाऱ्या पायवाटांवर गुलाबी कबुतर, एको पोपट आणि नशीब असेल तर मॉरिशस केस्ट्रेल दिसतो. हा छोटा ससाणा १९७४ मध्ये रानात फक्त चार उरले होते, एवढं नवऱ्याला सांगा, किंवा नका सांगू, त्याला माहीत असेल. उद्यानापासून तामारिना जवळ, बेल ऑम्ब्र जवळ, शामारेलचा डोंगर मध्ये. तेव्हा पहिल्या चार रात्री तामारिन ते बेल ऑम्ब्र या पट्ट्यात कुठेही घ्या. त्याला पहाटे जंगलाच्या तोंडाशी सोडायला टॅक्सी सांगून ठेवा आणि तुम्ही दोघं गोल्फला जा. दुपारी बाराला सगळे एकत्र. यात कुणी कुणावर उपकार करत नाही, म्हणून हे आठवडाभर टिकेल.

आता कोर्स.

तामारिना पहिला, आणि मुलाला घेऊन. रॉडनी राइट यांनी आखलेला, २००६ मध्ये सुरू झालेला. समुद्राला लागून नाही, म्हणून जाहिरातीत जरा मागे पडतो. पण मागे रेम्पार डोंगराचा सुळका, खाली तामारिनचा उपसागर, मध्ये पिवळ्या गवताचं सुकं रान आणि काही ठिकाणी ओलांडायच्या घळी. फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताच्या खेळायच्या पट्ट्या, तसे सढळ आहेत. मॉरिशसमध्ये विषारी साप नाहीत, तरी त्या उंच गवतात चेंडू शोधत बसू नका. मागे लोक थांबलेले असतात. मुलाबरोबर स्कोअर मोजायचाच असेल तर दोघांचा मिळून स्क्रॅम्बल खेळा : दोघांनी मारायचं, चांगला पडलेला चेंडू निवडून पुढचा फटका दोघांनी तिथून. त्याचा लांब आणि तुमचा सरळ, अशी जोडी चांगली जमते. दहापैकी सात वेळा तुमचाच चेंडू निवडावा लागेल, पण उरलेल्या तीन वेळा त्याचा चेंडू ज्या जागी पडलेला असेल तिथून तुम्ही आयुष्यात कधी खेळला नसाल.

दुसरा ला रेझर्व्ह, आणि इथे तुमच्या आगाऊपणाच्या शंकेचं उत्तर. पीटर मॅटकोविच आणि लुई ऊस्टहाइझेन यांनी हा आखला. ऊस्टहाइझेन म्हणजे २०१० मध्ये सेंट अँड्र्यूजवर ब्रिटिश ओपन जिंकलेला गोल्फपटू. कोर्स २०२३ मध्ये खुला झाला आणि त्याच डिसेंबरमध्ये मॉरिशस ओपन तिथे झाली; २०२५ मध्येही तिथेच. ही स्पर्धा २०१५ मध्ये बेल ऑम्ब्रच्याच जुन्या, ल शातो नावाच्या कोर्सवर सुरू झाली आणि सुरुवातीला युरोप, आशिया व दक्षिण आफ्रिका अशा तिन्हीकडच्या टूरची (व्यावसायिक स्पर्धामालिकांची) मिळून मानली जायची; आता ती युरोप व दक्षिण आफ्रिकेच्या टूरची आहे. मधल्या काळात अनाहिता आणि मों श्वाझीनेही तिचं यजमानपद केलं. अलीकडे ती डिसेंबरमध्ये होते, त्यामुळे ऑगस्टमध्ये तुम्ही कुणाच्या वाटेत येत नाही.

आणि स्पर्धेच्या कोर्सला घाबरायचं कारणही नाही. ते लोक सगळ्यात मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) खेळतात, वाढवलेल्या रफमधून (पट्टीबाहेरच्या उंच गवतातून), ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या) कोपऱ्यात लपवलेल्या झेंड्याकडे. तुम्ही खेळाल तेव्हा टी पुढची, रफ सुट्टीवरच्या माणसांना झेपेल असा आणि झेंडा बहुधा मधोमध. ला रेझर्व्ह 'लिंक्स' धाटणीचा आहे, म्हणजे समुद्राकाठच्या उघड्या, वाऱ्यावरच्या कोर्ससारखा (बेल मारचा लिंक्स नव्हे). उतारावर पसरलेला, झाडं विरळ, समुद्र सारखा नजरेत. अशा जागी चेंडू हवेतून ग्रीनवर टाकावाच लागतो असं नाही. अलीकडे टाकून घरंगळत नेता येतो, आणि तुमच्या हँडिकॅपला जंगलातल्या अरुंद कोर्सपेक्षा हे बरं. वारा मात्र लागेल. म्हणून इथे सकाळची पहिली-दुसरी वेळ मागा. दिवस चढतो तसा वाराही चढतो.

त्या सकाळी मुलाला ला रेझर्व्हवर नेऊ नका. बेल ऑम्ब्रलाच ९ होलांचा छोटा पार-३ कोर्सही आहे; त्याला तिथे सोडा. वर्षभर खेळणाऱ्याची गरज खरं तर तीच असते, फक्त त्याला तसं सांगायचं नसतं. तुम्ही एकट्या जा. स्टार्टर (खेळ सुरू करून देणारा कर्मचारी) तुम्हाला अनोळखी लोकांबरोबर जोडून देईल, आणि तो सुट्टीतला सगळ्यात मजेचा राउंड ठरू शकतो.

तिसरा इल ओ सर्फ. हा सोडा असं मी म्हणणार होते, कारण वारा, कारण मुलगा, कारण नैर्ऋत्येहून अंतर. पण हा सोडून आलात तर पुढची दहा वर्षं यादी काढून बघत बसाल. पूर्व किनाऱ्यासमोरच्या एका छोट्या बेटावर हा कोर्स आहे, बोटीने जावं लागतं. जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगर यांनी तो आखला, २००३ मध्ये सुरू झाला. १८ होल, पार (ठरलेले फटके) ७२, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पाणी, खारफुटी किंवा काळा ज्वालामुखी खडक. कित्येक टीवरून चेंडू खाडीचा फाटा ओलांडून पलीकडे टाकावा लागतो. इथे चेंडू हरवतात. कुणाचेही हरवतात. पिशवीत भरपूर जुने चेंडू ठेवा आणि खारफुटीत गेलेला चेंडू तिथेच सोडून द्या. शंका असेल तिथे आधीच प्रोव्हिजनल, म्हणजे पर्यायी दुसरा चेंडू, मारा, म्हणजे परत चालत यावं लागणार नाही. स्कोअरऐवजी स्टेबलफर्डने, म्हणजे प्रत्येक होलचे वेगळे, गुण मोजा. एखाद्या होलवर सत्यानाश झाला की चेंडू उचलायचा, शून्य लिहायचं, पुढे चालायचं. सलग बेरीज करत बसलात तर सातव्या होलला मन उडेल आणि पुढचे अकरा होल समुद्र बघायचाही राहून जाईल.

मुलगा इथे खेळू नये असं माझं मत आहे. पूर्ण ग्रीन फी भरून खाडीत चेंडू टाकण्यात काय हशील? न खेळणारा साथीदार म्हणून बग्गीत बसता येईल का ते क्लबला विचारा. काही ठिकाणी त्याचे थोडे पैसे घेतात. नाहीतर याच बेटाचा उरलेला भाग म्हणजे मॉरिशसचा प्रसिद्ध समुद्रकिनारा आहे. तुम्ही खेळत असताना दोघं बापलेक तिथे. फक्त दोन गोष्टी पाहा. गोल्फची बोट आणि किनाऱ्यावर जाणाऱ्यांची बोट एकच असेल असं गृहीत धरू नका, आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा.

अंतराचा प्रश्न असा सोडवा. शेवटच्या तीन रात्री पूर्वेला घ्या, त्रू दो दूस किंवा त्याच्या आसपास. हॉटेल एकदाच बदलायचं. बदलायच्या दिवशी दक्षिण किनाऱ्याने मायेबूरवरून या. तिथे किनाऱ्यापासून अगदी जवळ इल ओ एग्रेत नावाचं प्रवाळी खडकाचं बेट आहे, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ते राखतं. गुलाबी कबुतरं, मॉरिशस फोडी हे छोटे पक्षी आणि आल्दाब्राची महाकाय कासवं तिथे मोकळी फिरतात. माहितगाराबरोबरच जाता येतं, म्हणून आधी नोंदणी करा. हा दिवस पूर्णपणे नवऱ्याचा. विमानतळही आग्नेयेलाच असल्यामुळे परतीच्या दिवशी धावपळ होत नाही. आणि पूर्वेला तीन रात्री का, दोन का नाहीत? कारण व्यापारी वाऱ्यांबरोबर पूर्वेला सरी येतात. इल ओ सर्फ पाचव्या रात्रीनंतरच्या सकाळी ठेवलात आणि पाऊस किंवा वाऱ्याने बिघडवलं, तर पुढची सकाळ हाताशी राहते. बिघडलं नाही, तर ती रिकामी सकाळ रिकामीच ठेवा. लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून जाताय, असं पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलं आहे तुम्ही.

उरलेले पाच? अनाहिता गोल्फपटू एर्नी एल्सने आखलेला, रुंद, देखणा, शेवटचा होल लगूनच्या कडेने. इल ओ सर्फची वेळ मिळालीच नाही तर त्याच्या जागी हा घ्या, मनात किंतू न ठेवता. पॅराडी सपाट आणि सोपा, डोक्यावर ल मॉर्नचा कडा. त्या हॉटेलात उतरलात तर तामारिनाऐवजी चालेल. लेजंड आणि लिंक्स चांगले आहेत, पण ते पूर्वेला आठवडा काढणाऱ्यांसाठी. मों श्वाझीसाठी उत्तरेला राहायला हवं. तुम्ही राहणार नाही, विषय संपला.

चौथा राउंड खेळायची खुमखुमी आलीच, तर नवा कोर्स शोधू नका, तामारिनाच पुन्हा खेळा. पहिल्यांदा कुठल्याही अनोळखी कोर्सवर माणूस बग्गीच्या पडद्यावर अंतर बघत आणि डोंगर कुठून सुरू होतो ते शोधत फिरतो. कुठल्या बंकरपासून लांब राहायचं, ग्रीन कुठल्या बाजूला उतरतं, हे दुसऱ्या खेपेला कळतं. पर्यटक म्हणून आपण एकेक कोर्स एकदाच खेळतो आणि त्याला वाईट किंवा अवघड ठरवून येतो, हे मला कधीच पटलेलं नाही.

हे नियोजन कुठल्याही बेटाला लावता येईल, पण फोटो बघून कोर्स निवडायची सवय मात्र मोडा. उष्ण कटिबंधातल्या प्रत्येक रिसॉर्ट कोर्सच्या पानावर ड्रोनने काढलेला एक होल दिसतो : हिरवं ग्रीन, निळं पाणी, पांढरी फेसाची रेघ. तो एकच होल असतो. बाकीचे सतरा कुठे आहेत ते उपग्रहाच्या नकाशावर बघा, पाच मिनिटांचं काम आहे. मग स्कोअरकार्ड उघडा. त्यात बायकांच्या टीची एकूण लांबी बघा. गोल्फरांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो : तुमच्या पाच नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या क्लबने) चेंडू जेवढा जातो त्याला ३६ ने गुणा, तेवढ्या लांबीचा कोर्स तुम्हाला सोयीचा. १२० यार्ड जात असेल तर ४,३२० यार्ड. कार्डावरची सगळ्यात पुढची टी त्याहून फार लांब असेल, तर कोर्स कितीही सुंदर असो, तुम्ही दिवसभर लांब फटक्याचा क्लबच (फेअरवे वूड) फिरवत राहाल. त्याशेजारी स्लोप रेटिंग लिहिलेलं असतं. ११३ म्हणजे सर्वसाधारण, १५५ ही कमाल. साधारण हँडिकॅपच्या खेळाडूला कोर्स किती जास्त छळणार, ते हा आकडा सांगतो. पुरुषांचा आणि बायकांचा आकडा वेगळा असतो, टीप्रमाणे बदलतो; आपलाच बघा.

ग्रीनबद्दल थोडं. समुद्राकाठच्या अशा कोर्सवर अनेकदा सीशोर पास्पालम नावाचं खाऱ्या पाण्याला दाद न देणारं गवत असतं. चेंडू त्यावर छान उभा राहतो, पण चिप (ग्रीनलगतचा छोटा फटका) मारताना क्लब अडकल्यासारखा होतो आणि चेंडू जरा लवकर थांबतो. पहिल्या राउंडआधी सरावाच्या ग्रीनवर वीस मिनिटं घालवा, ड्रायव्हिंग रेंजवर नाही घातली तरी चालेल.

सामान नेऊ की भाड्याने घेऊ, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. तीन राउंडसाठी पूर्ण पिशवी विमानातून ओढून न्यायची गरज नाही. बूट, हातमोजे, पटर आणि चेंडू न्या. बाकीचे क्लब तिथे भाड्याने घ्या. रिसॉर्टच्या दुकानात चेंडूंचे दर बघून इल ओ सर्फवर हात थरथरतात. कॉलरचा टी-शर्ट दोघांनाही लागेल, मुलाच्या जीन्सला बहुतेक ठिकाणी प्रवेश नाही. हवा थंड वाटली तरी ऊन लागतंच. फक्त सनस्क्रीन लावल्यावर तळहात पुसा, नाहीतर तिसऱ्या होलला क्लब सटकेल.

राहिला मुलाच्या हँडिकॅपचा दाखला. काही क्लब तो मागतात, काही नुसतं विचारून सोडतात, आणि दारात गेल्यावर नाही म्हटलं तर सगळ्यांचीच सकाळ वाया. म्हणून आजच तामारिनाला, बेल ऑम्ब्रला आणि इल ओ सर्फला ईमेल पाठवा. तिघांना सारखेच प्रश्न विचारा : दाखला नसलेल्याला खेळू देता का आणि कुठल्या वेळी; पावसामुळे राउंड अर्धवट राहिला तर पैसे परत, की दुसरी वेळ, की काहीच नाही; आणि आमच्या तारखांना सकाळी आठच्या आतल्या वेळा कुठल्या हॉटेलच्या पाहुण्यांसाठी राखलेल्या आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय कुठल्याही खोलीचे पैसे भरू नका.